पंच होते का?

गोंदियातल्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवतो, आणि त्यातला गुन्हेगारीचा पेपर वर्षानुवर्षं माझ्याच गळ्यात आहे. दुसऱ्या कोणाला तो नको असतो. मुलांना वाटतं यात खून-दरोडे असतील, थरार असेल. मी शिकवतो जामीन, पंचनामा, कबुली, कोर्टातली पेशी. पहिल्या महिन्यातच अर्धा वर्ग तोंड पाडून बसतो. मला राग लवकर येतो, हे विभागातल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. त्याउपर माझा राग नेहमी बरोबर असतो, अशीही माझी समजूत होती. त्या समजुतीचं काय झालं, तेच लिहायला बसलो आहे.

दोनेक वर्षांपूर्वी वरून एक परिपत्रक आलं: शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी मिळून संशोधन करावं, अहवालावर दोघांचीही नावं असावीत. स्टाफरूममध्ये त्यावर बराच हशा पिकला. मुलांनी उन्हातान्हात फॉर्म भरायचे आणि सरांनी ते आपल्या बढतीच्या फाइलला लावायचे, हे तर आधीपासून चालूच होतं, आता त्याला सरकारी नाव मिळालं, एवढंच. मी हसलो नाही. मला ते मनापासून आवडलं होतं. मी सडक अर्जुनीकडचा. आजोबांच्या पिढीत आम्ही बौद्ध झालो आणि त्यानंतर आमच्या घरात पहिली कोणती गोष्ट बदलली असेल, तर लिहिलेल्या शब्दाला मान आला. वडील राइस मिलवर पोती उचलायचे, पण घरी आलेली प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक पावती मला मोठ्याने वाचायला लावायचे. आपल्या लोकांनी आपल्या लोकांबद्दल लिहिलं पाहिजे, हे माझं जुनं वेड आहे.

विषय मी ठरवला: मोहाची दारू गाळल्याच्या आरोपाखाली ज्यांच्यावर केसेस झाल्या, अशा जंगलपट्टीतल्या बाया. मोहफूल वेचणं गुन्हा नाही, वाळवणं गुन्हा नाही. त्याची दारू गाळली की गुन्हा. आणि तिकडे देवाला, लग्नाला, मयताला मोहाची लागतेच. धाड पडली की घरातला पुरुष शेतावर किंवा मजुरीला गेलेला असतो, बाई सापडते. या बायांना आपल्यावर नेमका काय आरोप आहे हे कळलेलं असतं का, कारवाई नियमाप्रमाणे झाली का, एवढंच आम्हाला पाहायचं होतं. गावांची नावं आणि धाडी कोणी घातल्या, हे मी इथे लिहीत नाही. अहवालातही लिहिलं नव्हतं.

चार विद्यार्थी पुढे आले. त्यातली तिघं आठवड्यात गळाली. राहिली एकच मुलगी, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, सालेकशाकडून सकाळच्या पॅसेंजरने येणारी. घरी गोंडी, गावात झाडीबोली, मामीशी छत्तीसगढी, गोंदियाच्या बाजारात हिंदी, आणि माझ्याशी पुस्तकी मराठी, तीही तोलूनमापून. वर्गात ती कधी बोलल्याचं मला आठवत नव्हतं. पण पहिल्याच बैठकीत तिने सरळ सांगून टाकलं.

"सर, माझ्या आईवर अशीच केस आहे."

तिने सगळी हकिकत सांगितली. आई गावच्या अंगणवाडीत मदतनीस. वडील नाहीत. तीन वर्षांपूर्वी धाड पडली तेव्हा त्यांच्या कुडामागे मोहाचा सडवा भरलेलं एक मडकं सापडलं. सडवा म्हणजे दारू गाळायला भिजत घातलेली मोहफुलं. ती कुडामागची जागा तीन घरांची सामाईक. मडकं आपलं नाही, असं आई पहिल्या दिवसापासून सांगत होती. सगळे तिला म्हणत, कबूल करून टाक, थोडासा दंड भर आणि मोकळी हो. ती कबूल करत नव्हती, कारण शिक्षा लागली की अंगणवाडीतलं काम जाणार. तेवढाच तर घरात दर महिन्याचा बांधलेला पैसा येत होता. म्हणून ती तीन वर्षं प्रत्येक पेशीला एसटीने जात होती, पुढची तारीख घेऊन परत येत होती.

मी ते नीट ऐकून घेतलं आणि नियम सांगितला. संशोधन करणाऱ्याने आपल्या नात्यातलं माणूस अभ्यासात घ्यायचं नाही. आईचा फॉर्म भरायचा नाही, आईच्या केसचा उल्लेख कुठेही येऊ द्यायचा नाही. तिने मान डोलावली. मला तिचं कौतुक वाटलं, आणि खरं सांगायचं तर माझंही वाटलं. इतका स्वच्छ नियम गोंदियात दुसरं कोण पाळतं, असं मनात आलं होतं.

धानाची कापणी संपल्यावर आम्ही कामाला लागलो. प्रश्न मी लिहिले होते. बाया माझ्याशी बोलत नसत. पँट-शर्टातला, वही घेतलेला माणूस म्हणजे त्यांच्या लेखी तोच, जो मागच्या वेळी गाडीतून उतरला होता. म्हणून मी अंगणाच्या कडेला बाजेवर बसायचो आणि ती चुलीपाशी जाऊन बसायची. आधी ती कांदा चिरू लागायची, नाही तर तांदूळ निवडू लागायची, मग एखादा प्रश्न. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू असायचं, त्या बाईला विचारून. अशा एकतीस बाया झाल्या. असं काम मी माझ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. मी तिला तसं कधी म्हटलं नाही, हे मात्र खरं.

सातवा प्रश्न होता: कारवाईच्या वेळी पंच हजर होते का? कायद्यातले पंच म्हणजे धाडीच्या जागी हजर असलेली दोन त्रयस्थ माणसं. जे सापडलं ते आमच्या डोळ्यांदेखत सापडलं, अशी त्यांची पंचनाम्यावर सही लागते. ती माणसं तिथे नव्हतीच असं निघालं, तर पंचनाम्यात काही दम राहत नाही. त्यामुळे माझ्या दृष्टीने सगळ्या फॉर्ममधला हा कळीचा प्रश्न होता. त्यापुढे मी दोन चौकटी छापल्या होत्या, होय आणि नाही. ती चुलीपाशी बसून विचारायची, पंच होते का, आणि बाया म्हणायच्या, होते जी. एकतीसपैकी अठ्ठावीस फॉर्मवर होय आलं.

मी चक्रावलो. कारवायांत गडबड असेल, असा माझा अंदाज होता. पण अंदाज खोटा ठरला तर तो खोटा ठरला असं लिहायचं, यालाच अभ्यास म्हणतात, असं मी तिला दहा मिनिटं समजावून सांगितलं. विभागात आम्ही दोघंच होतो. ती फॉर्मचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसली होती. मग ती म्हणाली की आमच्याकडे पंच म्हटलं तर बायांना आधी आपले समाजाचे पंच आठवतात. या उत्तरांवर जाऊ नये.

मी तिला विचारलं, प्रश्नात 'कारवाईच्या वेळी' असे शब्द आहेत की नाहीत? आहेत. तू ते विचारलेस की नाही? विचारले. मग उत्तरात आपल्या पदरचं काही घालायचं नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण राग नाकावर आला होता.

"तू आईची केस डोक्यात ठेवून ऐकते आहेस," मी म्हणालो.

तिने गठ्ठ्याला दोरी बांधली आणि कपाटात ठेवून गाडीच्या वेळेला निघून गेली. मला वाटलं, पटलं तिला.

अहवाल झाला. कॉलेजच्या सभागृहात आम्ही तो वाचून दाखवला. पहिल्या पानावर दोन नावं, माझं आणि तिचं. तिने आयुष्यात पहिल्यांदा आपलं नाव छापलेलं पाहिलं असेल, पण ती त्या पानाकडे बघत नव्हती. प्रती वाटल्या. गरिबांना फुकट वकील मिळतो त्या योजनेतले तीन-चार तरुण वकीलही आले होते, त्यांनीही नेल्या. एकाने मला येऊन सांगितलं की तुमच्या अहवालाचा आम्हाला फार उपयोग होईल. मी त्या दिवशी घरी जाताना मिठाई घेऊन गेलो.

त्यानंतर ती कॉलेजात येईनाशी झाली. मी मनातल्या मनात चिडलो. छापून आलं की मुलांचा जोर संपतो, असं बायकोला बोलूनही दाखवलं. एका मासिकाला त्याच अहवालावरून लेख पाठवायचा होता. बायांची एक-दोन वाक्यं जशीच्या तशी द्यावीत म्हणून मी एके दुपारी विभागात बसून रेकॉर्डिंग ऐकायला घेतली. इतके दिवस मी फक्त फॉर्म पाहिले होते. फॉर्ममध्ये चौकटीतली खूण होती, आणि मुलगी एका बाजूने खूण करत असताना बाई पुढे काय बोलत होती, ते कोणी लिहिलं नव्हतं. कारण त्याला चौकट नव्हती.

पहिली जी रेकॉर्डिंग लावली ती एका म्हाताऱ्या बाईची होती. पंच होते का? होते जी, ती म्हणाली. आणि लगेच पुढे, "पाच जन बसले. दुसऱ्या रोजी. मले म्हनले, आता यापुढं नको गाळू, पोलिसाइचा लचांड गावात नको."

दुसऱ्या रोजी. मी ते पुन्हा ऐकलं. मग दुसरी रेकॉर्डिंग लावली, तिसरी लावली. एका बाईचे पंच संध्याकाळी बसले होते, एकीचे आठ दिवसांनी. एकीच्या पंचांत तिचा सासरा होता. गावाचे पंच, समाजाचे पंच, घरातली भांडणं आणि सोडचिठ्ठ्या निस्तरणारे म्हातारे. धाड पडून गेल्यावर गावात बैठक बसायची, तिच्याबद्दल त्या खरंखरं सांगत होत्या. धाडीच्या वेळी अंगणात कोण होतं, हे मी त्यांना विचारलंच नव्हतं. विचारलं आहे, असं फक्त मला वाटत होतं. आणि मी काही पुण्याहून आलेलो नव्हतो. सडक अर्जुनीत माझ्या लहानपणी पंच बसले की आम्ही पोरं लांबून बघायला जमायचो. तो शब्द मला माझ्या घरातूनच माहीत होता. शिकलो, पंचनामा हा शब्द शिकवू लागलो आणि पहिला विसरलो.

मी तिला फोन केला आणि लगेच ये म्हटलं. दुसऱ्या दिवशी पॅसेंजरने ती आली. मी तिला रेकॉर्डिंग ऐकवायला लागलो तर म्हणाली, राहू द्या सर, मला माहीत आहे. मग तिने ते सांगितलं, जे मी तिला त्या दिवशी बोलू दिलं नव्हतं. धाड पडली तेव्हा ती सुट्टीत घरीच होती. अंगणात ती होती, आई होती आणि गाडीतून आलेले लोक होते. बाकी कोणी नव्हतं. पंचनाम्यावर ज्या दोघांच्या सह्या आहेत, त्यांना तिने आजपर्यंत पाहिलेलं नाही. आणि संध्याकाळी गावाचे पंच बसले, तेव्हा आईने हात जोडून सांगितलं होतं की मडकं माझं नाही.

"हे तू मला का नाही सांगितलंस?"

"आईचं काही सांगायचं नाही, असं तुम्ही म्हटलं होतं, सर."

मी रेकॉर्डिंग बंद केली. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. तिच्या आईला जो फुकटातला वकील मिळाला होता, तो त्या दिवशी सभागृहात होता. अहवाल वाचून त्याने आईला समजावलं होतं. पंच नव्हतेच, या एका मुद्द्यावर आपण लढत होतो. आता कॉलेजच्या लोकांनीच घरोघरी फिरून लिहिलं आहे की पंच असतात, बाया स्वतः तसं सांगतात. हा मुद्दा कोर्टात टिकणार नाही. लढून हरलात तर तुरुंगसुद्धा होऊ शकतो. आई तुरुंगाला भ्यायली. मागच्याच पेशीला ती उभी राहिली आणि कबूल म्हणाली. दंड भरून घरी आली. दहा दिवसांनी अंगणवाडीचं पत्र आलं.

हे सगळं तिने शांतपणे, त्याच पुस्तकी मराठीत सांगितलं. अहवालावर तिचं नाव होतं. आपलं नाव छापलेल्या कागदाने आपल्या आईचं काम गेलं, हे तिने उच्चारलं नाही, पण दुसरं आम्ही कशाबद्दल बोलत होतो?  मी तिची माफी मागितली. नीट जमली नाही, सवय नाही. मग म्हणालो, आपण सगळ्या बायांना पुन्हा विचारू. अहवाल मागे घेऊ, नवा लिहू.

"मग आईचं, सर?" तिने विचारलं.

"बघू," मी म्हणालो.

या एका शब्दाची मला अजून शरम वाटते. स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल केला, की मी तो केलाच नव्हता म्हणून वरच्या कोर्टात जाता येत नाही. फार तर शिक्षा जास्त झाली, एवढं म्हणता येतं. मला हे पाठ होतं. तरी त्या आठवड्यात मी दोन जुन्या वकिलांना गाठून विचारलं. दोघांनीही माना हलवल्या. आणि मी हे तिला सांगितलं नाही. सांगितलं तर ती येणार नाही आणि ती आली नाही तर एकही बाई माझ्याशी बोलणार नाही, असा हिशेब माझ्या मनात होता. ती आईसाठीच फिरणार, असं मी धरून चाललो होतो. तिच्या आशेवर मी माझी चूक दुरुस्त करून घेणार होतो.

विभागात कुरबूर झाली. छापलेलं मागे घेतलं की कॉलेजचं नाव जातं, आता कोण वाचणार आहे तो अहवाल, कशाला उकरून काढता, असं सगळ्यांनी परोपरीने सांगून पाहिलं. ज्यांनी वाचायचा नव्हता त्यांनी वाचला आहे, एवढंच मी म्हणालो.

लगेच निघायचं होतं, पण माघात कचारगडला गोंडांच्या देवाची जात्रा आली आणि गावं रिकामी झाली. तिच्या गावचेही सगळे गेले, तीही गेली. आम्ही पुन्हा बाहेर पडलो तेव्हा मोह गळायला लागला होता. पहाटेपासून बाया झाडांखाली टोपल्या घेऊन वाकलेल्या. या वेळी ती त्यांच्याबरोबर फुलं वेचत वेचत विचारायची आणि मीही वेचायचो, कारण नुसता उभा राहिलो की बोलणं थांबायचं. कंबर धरायची. बाया हसायच्या.

प्रश्न या वेळी तिने लिहिले होते. पंच हा शब्दच त्यात नव्हता. गाडी आली तेव्हा तुम्ही काय करत होता? अंगणात कोण कोण होतं? त्यातलं ओळखीचं कोण? कागदावर कोणी कुठे सही केली? चौकटी नव्हत्या, कोरी पानं होती. आणि उत्तरं यायला लागली. कोणी नव्हतं. मी आणि सासू. माहेरचा भाऊ होता, त्याला बाहेर काढलं. दोन माणसं होती, पण ती गाडीतून उतरलीच नाहीत. तीन-चार जणींकडे सगळं रीतसर झालं होतं, तेही तिने तसंच लिहिलं. रेकॉर्डिंगमधली ती म्हातारी भेटली, तेव्हा मी न राहवून तिला विचारलं की आजी, मागच्या वेळी पंच होते असं काऊन सांगितलं? तिने टोपलीतून मान वर केली आणि माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघितलं.

"तुमी पंच इचारले, आमी पंच सांगतले," ती म्हणाली.

एकतीसपैकी सत्तावीस झाल्या. उरलेल्या चौघी तिच्याच गावच्या दिशेला होत्या. त्या दिवशी दुपारी ऊन वाढलं, म्हणून ती मला घरी घेऊन गेली. इतक्या महिन्यांत मी त्या घरी पहिल्यांदा जात होतो; पूर्वी माझाच नियम आड होता. लहानसं, स्वच्छ सारवलेलं अंगण. आई माझ्या वयाची असेल, किंवा माझ्याहून लहान, सांगणं कठीण. बाज टाकून तिने मला बसवलं. शेजारची दोन चिल्लीपिल्ली तिच्या पदराला लोंबकळत होती. त्यांना आता घरून अंगणवाडीत न्यायला नवी बाई येते, पण ती सकाळी इथेच येऊन उभी राहतात, असं तिने हसत सांगितलं. तिच्या हसण्याने मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिची माफी मागायची ठरवून आलो होतो. वाक्यही जुळवून आणलं होतं. पण तिने मुलीला बोअरिंगवरून ताजं पाणी आणायला पाठवलं आणि ती गेल्याबरोबर स्वतःच बोलायला सुरुवात केली.

"सर, मी थे कबूल म्हनलं ना, थे आता कागदावरून निघते का?"

इतकी वर्षं हा प्रश्न मी परीक्षेत पाच मार्कांना घातला आहे.

"नाही," मी म्हणालो. "निघत नाही."

"मले वाटलंच," ती म्हणाली. तिने पदराशी आलेल्या पोराचं नाक पुसलं. मग जरा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "पोरीले नोका सांगू. थे तुमच्यासंगं फिरून राहिली, तिले वाटते सर माया आईचं करून देईन. परीक्षा होऊन जाऊ द्या तिची. मंग मी सांगीन."

मी हो म्हटलं. त्या क्षणी मला हायसं वाटलं, हेही लिहून टाकतो. सांगण्याचं काम माझ्यावरून टळलं होतं, आणि ते टाळण्याची परवानगी जिचं नुकसान झालं, तिनेच दिली होती.

मुलगी पाणी घेऊन आली. तांब्या माझ्या हातात दिला. मग पिशवीतून कोरी पानं काढून आईसमोर मांडी घालून बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली की आईचंही लिहून घेते, सर. आकड्यात धरू नका हवं तर, पण लिहून घेते. मी म्हटलं, घे. तिने गाडी आली तेव्हापासून विचारायला सुरुवात केली. आई सांगत होती, ती लिहीत होती. आईचा आवाज स्थिर होता. जणू याचा खरोखर काही उपयोग होणार आहे, अशा तऱ्हेने ती एकेक गोष्ट नीट आठवून सांगत होती, मुलीसाठी. ते माझ्याच्याने ऐकवेना. पुन्हा एकदा मी एक गोष्ट माहीत असून या मुलीला फिरवत होतो. आईला दिलेला शब्द मी दहा मिनिटंही पाळू शकलो नाही.

"बेटा, थांब," मी म्हणालो. "आईचं यातून काही होणार नाही. मी बघू म्हटलं होतं, तेव्हाही मला माहीत होतं."

आईने डोळे मिटले. मुलीने लिहिता लिहिता पेन थांबवलं, पण वर बघितलं नाही.

"मलेई माहीत होतं," ती म्हणाली. पहिल्यांदाच ती माझ्याशी घरच्या बोलीत बोलत होती. "तुमीच शिकवलं ना सर. दुसऱ्या सेमिस्टरले. कबुली देल्यावर अपील नाई."

मी तिच्या वर्गाकडे कधी बघितलंच नसावं. मागच्या बाकावर बसून ती तो तास ऐकत होती आणि तेव्हाही तिच्या आईची केस चालू होती.

"मग माझ्यासोबत इतकं काऊन फिरलीस?" मी विचारलं.

"आईचं गेलं," ती म्हणाली. "आपन लिहून घेतलं त्या बायाइतल्या अकरा जनीइची पेशी अजून व्हाची आहे. त्याइनं अजून कबूल नाई म्हनलं."

आई तिच्याकडे बघत होती. मी तांब्या तसाच हातात धरून बसलो होतो, पाणी प्यायचं राहून गेलं होतं. तिने पान सारखं केलं आणि आईला पुढचा प्रश्न विचारला.